घाटपांडेकाकांची स्थळं

"चि. कु. गोदावरी. वय अंदाजे दीड वर्ष. वर्ण सावळा, नाकीडोळी नीटस, बांधा सडपातळ. स्वभाव मनमिळाऊ, मात्र घरात मांजर असल्यास आधी बोलून घ्यावे. शिक्षण : 'बैठ' आणि 'रुक' पूर्ण, 'छोड दे' चालू. अपेक्षा : निर्व्यसनी, हसतंखेळतं कुटुंब. गच्ची असल्यास प्राधान्य."

हे पत्रक आमच्या घाटपांडेकाकांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं आणि फोटो जोडायला विसरले. संध्याकाळच्या आत देवासहून एका आईचा फोन. मुलगा पुण्याला आयटीत, सावळी चालेल, पण हे 'बैठ आणि रुक' कुठलं शिक्षण? काकांनी शांतपणे सांगितलं की गोदावरी कुत्री आहे. पलीकडून फोन आपटला गेला. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "बाईंचा स्वभाव कळला," ते मला म्हणाले. "अशा घरी मी गोदालाही दिली नसती."

घाटपांडेकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, इंदूरच्या लालबागच्या मागच्या अंगाला. वय एकोणऐंशी. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, काकू जाऊन सहा. इथल्या हिंदी लोकांना घाटपांडे हे नाव पेलत नाही, म्हणून दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचे ते 'पांडेजी'. नोकरी टेलिफोनची, पण जीव लग्नं जमवण्यात. तीस-पस्तीस वर्षं दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये वधू-वर सूचक विभागाचं टेबल मांडून ते बसायचे. अर्ध्या मराठी इंदूरचे संसार त्या टेबलावरून उठलेत. माझाही त्यातलाच. सुनीलचं स्थळ त्यांनीच आणलं, आणि तो घोरतो हे बायोडाटात लिहिलेलं नव्हतं, असं मी त्यांना आजही ऐकवते.

माझ्या लग्नात त्यांनी एक प्रताप केला होता. पंगत बसली होती, माझ्या केसांतून अजून अक्षता निघायच्या होत्या, आणि हे समोर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "मंजू, नाही जमलं तर सीधी परत ये बेटा. कारण नको सांगू. आईकडे जायला अवघड वाटलं तर आमच्याकडे ये." आईने तिथल्या तिथे तोंड फिरवलं. सासूबाई पुढची चार वर्षं त्यांना 'तो अभद्र माणूस' म्हणायच्या. रागावले तर मीही होते. लग्नाच्या दिवशी कोणी असं बोलतं का?

तर हे गृहस्थ कुत्र्यांकडे आले ते रद्दीमुळे. मानपूरच्या रस्त्याला एक शेल्टर आहे. गाडीखाली सापडलेली, कोणी घरातून काढून दिलेली, कोणी घर बदलताना मागे सोडलेली कुत्री तिथे असतात. ते चालवणारी शेफाली नावाची तिशीतली मुलगी एकदा आमच्या इमारतीत जुने पेपर आणि चादरी मागायला आली. पिल्लांखाली अंथरायला रद्दी लागते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. चांगले चार गठ्ठे निघाले. गाडी माझी, म्हणून पोचवायला मी निघाले, आणि काका "जरा हवा खाऊन येतो" म्हणत पुढच्या सीटवर बसले.

तिथे भिंतीवर दत्तक द्यायच्या कुत्र्यांचे फोटो होते. सगळे जाळीतून काढलेले, अर्धे हललेले. काका चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. "बेटा," ते शेफालीला म्हणाले, "ऐसे फोटो पे रिश्ता कैसे आएगा? ये तो थाने के फोटो लग रहे हैं."

त्या दिवसापासून आमचा रविवार हातचा गेला. सुनीलला फोटोचं काम लागलं, सकाळच्या उन्हात, मान किंचित डावीकडे. खालच्या रानडेबाईंना कुत्र्याच्या सावलीचीही भीती. काका त्यांच्याकडून जुन्या चादरी धुऊन, फाडून, चौकोनी तुकडे करून घेतात. "हात लावायला कोण सांगतंय तुम्हाला? कात्री तर चालवता येते ना?" मी कायमची ड्रायव्हर. आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याने येऊन नुसतं बसावं. घाबरलेल्या कुत्र्याकडे पाठ करून पेपर वाचायचा, त्याच्याकडे बघायचं नाही, बोलावायचं नाही. तासाभराने ते आपणहून येऊन वास घेतं. काका स्वतः अग्रलेख मोठ्याने वाचतात. त्याने कुत्री लवकर शांत होतात असं शेफाली सांगते. कंटाळून होत असणार.

पण काकांचा खरा अवतार बघावा तो चौकशीच्या वेळी. कुत्रं मागणाऱ्या घरी ते जातातच, पण त्याआधी त्या गल्लीत जातात. इस्त्रीवाल्यापाशी उभे राहतात. "भिया, वो कोने वाले लोग कैसे हैं? घर में आवाज़ ऊँची होती है क्या?" कामवाली किती वर्षं टिकली आहे हे ते हमखास विचारतात. दहा वर्षं टिकली असेल तर डोळे झाकून पसंती. घरी गेल्यावर पोहे पुढे आले तरी त्याचे मार्क नाहीत, कारण इंदूरमध्ये पोहे वैऱ्यालाही मिळतात. मंडळातल्या एका प्राध्यापक बाईंनी एकदा त्यांना झापलं, की मुलींच्या लग्नाची भाषा कुत्र्यांना लावता, तुम्हाला काही वाटतं का? मला वाटलं आता वाद होणार. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मुलींच्या वेळी एवढी चौकशी केली असती तर बरं झालं असतं."

प्रत्येक पत्रकाच्या शेवटी ते एक ओळ लिहितात : न जमल्यास परत आणावे, कारण विचारले जाणार नाही. या ओळीवरून शेफालीचं आणि त्यांचं दर महिन्याला वाजतं. तिचंही खरंच आहे. जागा चाळीस कुत्र्यांची, राहतात सत्तर. "काकाजी, आप खुद ही लौटाने का रास्ता दिखा रहे हो. लोग निभाने की कोशिश ही नहीं करेंगे." काका एरवी तिचं सगळं ऐकतात. इथे मात्र हट्टाला पेटतात. "वो लाइन रहेगी," म्हणतात, आणि उठून जातात.

गोदाला स्थळ चांगलं मिळालं. राजवाड्यामागे कपड्यांचं दुकान, नवीन वसाहतीत स्वतःचं घर, घरात हौशी सून, वर मोठी गच्ची. इस्त्रीवाल्याचं मत अनुकूल, कामवाली बारा वर्षं जुनी. काकांनी गोदाला कापडी पिशवीतून तिची रोजची चादर दिली, न धुतलेली, ओळखीचा वास राहावा म्हणून. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे होते. येताना वाटेत मी चिडवलं, "काका, अजून किती मुलींना रडणार आहात?" तर हसले नाहीत.

सुरुवातीला फोटो यायचे. मग यायचे थांबले. मे महिन्यात एका दुपारी काकांनी त्या सुनेला फोन लावला. मी ताक घेऊन वर गेले होते, त्यामुळे समोरच होते. फोन स्पीकरवर होता. "सब ठीक है अंकलजी," ती म्हणाली. "बस, थोड़ा एडजस्ट कर रही है."

काकांनी फोन ठेवला. चेहरा असा उतरला, की मला वाटलं साखर कमी झाली. "मंजू, गाडी निकाल," म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी जाऊ म्हटलं तर चपला घालून जिन्यात जाऊन उभे राहिले.

गोदा गच्चीवर होती. टाकीच्या नळाला बांधलेली, दोरी हातभर. टाकीची जेवढी सावली तेवढ्यात अंग मुडपून बसली होती. पाण्याचं भांडं होतं, पण ते उन्हात, आणि तिथवर दोरी पुरत नव्हती. मान दोरीने सोलवटली होती. त्या घरात कोणी दुष्ट नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. सासूला घरात कुत्रं नको झालं, सून मधल्यामध्ये अडकली, आज सोडू उद्या सोडू करत महिना गेला. मला इतका संताप आला होता की मी काहीतरी बोलणारच होते. काका खाली वाकून दोरी सोडत होते. गाठ सुटेना.

"आपने फोन क्यों नहीं किया, बेटा?" त्यांनी विचारलं. सून रडायलाच लागली. "रोज़ सोचती थी. फिर लगता था, आप क्या कहेंगे. इतनी पूछताछ करके दी थी आपने."

"हम कुछ नहीं कहते," काका म्हणाले.

गाडीत गोदा मागे आडवी झाली. शेफालीला फोन केला तर तिच्याकडे खरोखरच जागा नव्हती. मी म्हटलं, काका, आता? ते म्हणाले, घरी. मग मी काही विचारलं नसताना बोलायला लागले.

"आमची नंदा पण अशीच आली होती. लग्नाला सात महिने झाले होते. दुपारची वेळ, हातात बॅग. काही बोलली नाही, आईला म्हणाली चार दिवस राहते. चेहऱ्यावरून मला सब समजलं होतं मंजू. पण मंडळाचं टेबल माझ्याकडे. घाटपांडेंचीच मुलगी परत आली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मीच तिला उज्जैनला पोचवून आलो. वाटेत म्हटलं, थोडं एडजस्ट कर. ती हो म्हणाली."

"त्रास होता का हो?" मी विचारलं.

"माहीत नाही. तेव्हा मी विचारलं नाही. नंतर कुठल्या तोंडाने विचारू?"

नंदाताई मला माहीत होती. दोन महिन्यांतून एकदा येते, वडिलांची औषधं तपासते, डबे भरते, आणि संध्याकाळी पाचच्या बसने परत जाते. तीस वर्षांत ती माहेरी एक रात्र राहिलेली नाही. काकूंच्या तेराव्यालाही पाचच्याच बसने गेली होती. तिचं घरच तसं ओढीचं असेल, असं आम्ही समजत होतो. माझ्या लग्नात हा माणूस असा का बोलला, ते मला चोवीस वर्षांनी कळलं, आणि माझी मला लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी नंदाताई आली. मी गोदासाठी दहीभात घेऊन वर गेले होते. काकांनी तिला सांगितलं, त्या घरी हिचं जमलं नाही, म्हणून आणली. नंदाताईने गोदाच्या मानेवरची जखम नीट बघितली, मलम कोणतं लावता विचारलं, आणि नेहमीसारखी डबे भरायला लागली. साडेचारला तिने पर्स उचलली.

"आज राहा ना, नंदा," काका म्हणाले.

"आता कशाला, बाबा? पाचची बस आहे ना." आवाजात राग नव्हता. सवय झालेली होती.

"बरं," म्हणून काका तिला स्टॉपपर्यंत सोडायला उठले. गोदाचंही फिरणं होईल म्हणून त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढला. पट्टा बघितल्याबरोबर गोदा पलंगाखाली शिरली, पार मागे भिंतीला चिकटली. काकांनी हाका मारल्या, बिस्किट दाखवलं. ती नुसती थरथरत होती.

"काय झालं तिला?" नंदाताईने विचारलं.

"तिला वाटतंय मी तिला परत तिकडे पोचवायला निघालोय," काका म्हणाले.

बोलून गेले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हलता येईना. नंदाताईने पर्स खुर्चीवर ठेवली. बावन्न वर्षांची, गुडघे धरलेली बाई हात टेकत फरशीवर बसली आणि तिने पलंगाखाली हात घातला.

"नाही गं पाठवत तुला," ती म्हणाली. "आता ते नाही पाठवत कोणाला."

पाचची बस गेली. ती तशीच बसून होती, हात तसाच आत. काका पट्टा घेऊन उभे होते. तो खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. बऱ्याच वेळाने गोदा इंच इंच पुढे आली आणि तिने नंदाताईच्या तळव्यावर हनुवटी टेकली. मग नंदाताई उठली, पदर झटकला. काका दाराकडे निघाले तशी म्हणाली, "तुम्ही नका येऊ, बाबा. हिच्याजवळ बसा." आणि सहाच्या बसने गेली.

काका पलंगाला टेकून फरशीवर बसले. मी दिवा लावू का विचारलं, तर नको म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "एक तास जास्त थांबली आज."