टार्नथ्वेटांची वस्ती

मी गाडी चालवायला शिकले ती फोन बूथसमोर थांबत थांबत. शिकवायला शेजारी केळशीकरकाका. बाकीचे लोक शिकणाऱ्याला आधी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गोल गोल फिरवतात. काकांनी मला पहिल्याच दिवशी थेट स्टेट कॉलेज या आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावाबाहेर, शेतांमधल्या रस्त्यावर काढलं आणि एका गॅस स्टेशनपाशी एकदम ओरडले, "थांब, थांब. उजवीकडे घे." मला वाटलं, चाकाखाली काहीतरी आलं. काका शांतपणे उतरले, बूथमध्ये शिरले, तिथं साखळीला लटकणारं टेलिफोनचं पुस्तक उघडून टी अक्षर काढलं आणि पानावरून बोट सावकाश खाली नेलं. मग परत येऊन दार लावून घेत म्हणाले, "वस्ती नाही. चल, क्लच दाब."

कुणाची वस्ती, असं मी घाबरत घाबरत विचारलं. "टार्नथ्वेटांची," काका म्हणाले आणि असं बघितलं, की जणू मी जोश्या-कुलकर्ण्यांची चौकशी करतेय.

त्या हिवाळ्यात आम्ही आसपासच्या सगळ्या गावांतले बूथ पालथे घातले. मला समांतर पार्किंग उत्तम येतं ते त्यामुळेच.

मी लग्न होऊन नागपूरहून आले ते १९८१ साली. माझा नवरा शिरीष युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता. आम्हा विद्यार्थ्यांच्या घोळक्यात वडीलधारं म्हणावं असं एकच घर होतं, केळशीकरांचं. काका पन्नासच्या दशकाच्या शेवटी एम.एस. करायला आले आणि मग हायवेच्या खात्यात माती तपासायच्या कामाला लागले ते तिथंच राहिले. रस्ता बांधायच्या आधी जमिनीला भोक पाडून खाली काय आहे ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या तळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांचा लाडका शब्द होता 'पुरावा'. एकदा मी मोठ्या हौसेनं श्रीखंड करून नेलं आणि म्हटलं, अगदी माझ्या आईच्या पद्धतीचं आहे. काकांनी एक चमचा चाटला आणि विचारलं, "पुरावा काय?" नंतर तीन वाट्या खाल्ल्या, पण प्रश्न मागे घेतला नाही.

काकू अमेरिकन. डोरोथीकाकू. शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवत. उंच, सडपातळ, हसल्या की अख्ख्या हसणाऱ्या. मराठी त्यांना मोजकं पण नेमकं येई. 'जेवून जा', 'पुरे झालं' आणि 'ऐका ना' या तीन वाक्यांवर त्यांनी संसार केला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. टार्नथ्वेट हे त्यांचं लग्नाआधीचं आडनाव. वडील कोळशाच्या खाणीतल्या अपघातात गेले, आई त्यांच्यापाठोपाठ. काकू वाढल्या अनाथाश्रमात आणि मग या घरी, त्या घरी. आई-बापाकडून एवढं एक आडनाव मिळालं होतं, ते लग्नात काकांनी काढून घेतलं, असं त्या चेष्टेनं सांगत.

आता आपल्याकडे आडनावाचं वेड नवीन नाही. दोन मराठी माणसं भेटली, की हवापाण्याच्या आधी 'तुम्ही मूळचे कुठले' सुरू होतं. काकांच्या कपाटात त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता आणि केळशी सोडून कोण कुठे गेला, ते त्यांना तोंडपाठ होतं. पण हे शास्त्र त्यांनी अमेरिकनांनाही लावलं होतं. घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी मूळ गाव विचारलं. तो म्हणाला, पिट्सबर्ग. काका म्हणाले, ते आत्ताचं झालं, त्याआधीचं सांगा. तो बिचारा खिशातून ओळखपत्र काढून दाखवायला लागला. शेवटी काकूंनी मध्ये पडून त्याला कॉफी दिली.

टार्नथ्वेटांच्या बाबतीत मात्र काकांनी कमाल केली. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून आणि इंग्लंडमधल्या गावोगावच्या पाद्र्यांना पत्रं लिहून त्यांनी त्या नावाचा उगम काढला. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात तळ्यांचा डोंगराळ मुलूख आहे. तिकडच्या बोलीत टार्न म्हणजे डोंगरातलं लहान तळं आणि थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. हा शोध लागला त्याच दिवशी आमच्याकडे गणपतीचं जेवण होतं. काका दारातूनच सांगत आत आले, "हिचं सापडलं. ही तळेगावकर." बायकांनी काकूंना लगेच हळदकुंकू लावलं. त्यांतल्या एकीच्या माहेरचे लोक तळेगावचेच निघाल्यामुळे तिनं डोरोथीकाकूंना मिठीही मारली.

पुढचा इतिहास तितका आनंदाचा नव्हता. त्या एका खोऱ्याबाहेर हे नाव फारसं कधी गेलंच नाही. मेंढ्या परवडेनाशा झाल्या तेव्हा काही जण खाणीत कामाला लागले, त्यातले थोडे जहाजानं पेनसिल्व्हेनियात आले आणि इथल्या खाणीत गेले. मागे राहिले त्यांना मुलीच झाल्या. तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्यानं कळवलं, की आता इथं टार्नथ्वेट नावाचं एक कुरणच तेवढं उरलं आहे.

काकांच्या तळघरात भिंतीवर अमेरिकेचा नकाशा होता. टार्नथ्वेटांच्या थडग्यांना काळी टाचणी, जिवंत माणसाला लाल. पेनसिल्व्हेनियाच्या पूर्वेला काळ्या टाचण्यांची गर्दी होती आणि सगळ्या देशात लाल टाचणी एकच, स्टेट कॉलेजला. काकू म्हणत, मी दूध आणायला गेले, की जगातली सगळी वस्ती दूध आणायला जाते.

या नकाशापायी काकांनी आम्हा सगळ्यांना कामाला जुंपलं होतं. डाळी आणि मोहरी आणायला जर्सी सिटीला जाणाऱ्यानं हिंग विसरला तरी चालेल, पण तिथलं फोनचं पुस्तक बघूनच परत यायचं. कॉन्फरन्सला जाणाऱ्यानं पेपर वाचायच्या आधी बूथ गाठायचा. मिलिंद नावाचा एक आळशी मुलगा न बघताच 'नाही' सांगायचा. काकांनी त्याला पकडलं. पुस्तकात ज्या नावानंतर टार्नथ्वेट यायला हवं ते नाव सांग, म्हणाले. तेव्हापासून मिलिंद सुतासारखा सरळ झाला.

आणि गंमत म्हणजे सापडलं ते मिलिंदलाच. शिक्षण संपवून तो पार पश्चिमेला, बेलव्ह्यूला, कॉम्प्युटरच्या नोकरीवर गेला होता. एका रविवारी मित्रांबरोबर डोंगर ओलांडून सफरचंदांच्या बागा बघायला गेला. तिथं सवयीनं बूथमध्ये शिरला आणि तिथूनच त्यानं काकांना फोन लावला. "काका, वस्ती आहे," तो म्हणाला. "वॉल्टर टार्नथ्वेट. आणि पुरावा पाहिजे असेल, तर पुढचं नावही वाचून दाखवतो."

काकांनी लगेच वॉल्टरला फोन केला. आधी त्या माणसाला वाटलं, कुणीतरी विमा विकतंय. मग काकूंनी फोन हातात घेतला आणि तासभर सोडला नाही. तो सफरचंदांची बाग करणारा, साठीचा गृहस्थ होता. बायको बेट्टी. त्यांनाही दुसरा टार्नथ्वेट कधी भेटला नव्हता. तिकडे शाळेत सगळे त्याच्या नावाला हसायचे आणि इकडे काकूंच्या, एवढ्यावरच दोघं हसत बसले होते. पुढे दर रविवारी फोन होऊ लागला. सफरचंदं काढायला येतील तेव्हा ये आणि चांगली आठवडाभर राहा, असं बेट्टीनं सांगितलं.

सप्टेंबरात काकू एकट्याच गेल्या. काका विमानाला घाबरत. खाली माती असल्याशिवाय आपला भरवसा बसत नाही, असं ते उघड सांगत. भारतात जायचं तर चार दिवस आधीपासून जेवत नसत.

काकू गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी काकांकडे डोकावले. स्वयंपाकघरात पिठलं करपल्याचा वास होता. काका म्हणाले, मुद्दामच जरा खरपूस केलंय. मी पुरावा मागितला नाही. दुसरं पिठलं टाकलं, भात लावला आणि सहज विचारलं, की काय काका, संशोधन पुरं झालं? आता वॉल्टरची वंशावळ कधी काढणार?

काका टेबलावर बोटानं रेघा काढायला लागले. मग म्हणाले, "तो टार्नथ्वेट नाही."

म्हणजे काय, असं मी विचारलं.

ते वॉल्टरनंच सांगितलं होतं. काकू निघायच्या दोन दिवस आधी, त्या शाळेत असताना, त्यानं काकांना फोन केला. म्हणाला, मला झोप लागत नाहीये. माझा आजोबा पोरका मुलगा होता, उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातून जहाजानं आलेला. ज्या शेतकऱ्यानं त्याला ठेवून घेतलं, त्याचं आडनाव त्यानं लावलं. आमचं रक्त ते नव्हे. डोरोथी एवढ्या लांबून यायला निघालीय, तिला फसवल्यासारखं होईल. आता ती येईल का?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी विचारलं, पुरावा काय?" काका म्हणाले. "तो म्हणाला, पुरावा नाही, वडील सांगायचे. मी म्हटलं, मग ती ऐकीव गोष्ट झाली. मी ऐकीव गोष्टी धरत नाही. फोनच्या पुस्तकात तुमचं नाव छापलेलं आहे, ते मी धरतो."

मला हसू आलं. ज्या माणसानं माझं श्रीखंड पुराव्याअभावी अडवलं, तोच हा. मी म्हटलं, काका, इतकी वर्षं मग हे सगळं कशासाठी केलंत? तुम्हाला तर खरा वंशवृक्ष हवा होता.

"वंशवृक्ष घेऊन काय करायचंय?" काका म्हणाले. "तू आलीस त्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आली होतीस. आठवतं?"

आठवत होतं. वरणभात बघितला आणि मला रडू फुटलं होतं. शिरीषला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकूंनी विचारलं, हिला काय झालं, आणि काका इंग्रजीत म्हणाले होते, तिला माहेरची आठवण आली. माहेर शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द मिळेना, म्हणून ते समजावत बसले होते. बाई जिथं उशिरा उठली तरी कुणी काही म्हणत नाही, चहा दुसरं कुणीतरी करतं आणि निघताना 'अजून दोन दिवस राहा' म्हणतात, ती जागा. मी नाक पुसत होते, तरी हे सगळं मी ऐकलं होतं. पुढचं मात्र मी ऐकलं नव्हतं.

"तू गेल्यावर भांडी पुसता पुसता ही म्हणाली, असं काहीतरी मला पण हवं होतं," काका म्हणाले. "हसतच म्हणाली. पण इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेलं तेवढंच. माझ्या घरच्यांनी तर सुरुवातीला तिला पत्रसुद्धा लिहिलं नाही. मग मी दुसऱ्याच दिवशी बूथ बघायला लागलो. तुला गाडी शिकवायची होतीच."

मी उठून उगाचच भाताखालचा गॅस कमी केला.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा होता. काकांनी रिसिव्हर जरा लांब धरला, म्हणून मलाही ऐकू येत होतं. रोज सकाळी आठला उठतेय, आठला, असं त्या सांगत होत्या. बेट्टी मला कपसुद्धा विसळू देत नाही. आणि सफरचंदांचा एक अख्खा खोका माझ्यासाठी बांधून ठेवलाय, नको म्हटलं तर वॉल्टर रागावला. ऐका ना, ते म्हणतायत आणखी आठ दिवस राहा. राहू?

"राहा की," काका म्हणाले. "माहेरी गेलेल्या बाईनं एवढ्यात निघायचं नसतं."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "खोकाभर सफरचंदं. ओटी भरली गं तिची." चेहरा फुललेला होता. मग आम्ही जेवायला बसलो. दोन घास झाल्यावर काकांनी हात थांबवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आठ दिवस जरा जास्त होतात, नाही?"

मी त्यांना भात वाढला. काकांनी आणखी एक घास घेतला. "आपल्याकडे बाईला माहेराहून आणायला नवरा जातो ना?"

"जातो की. मानानं जातो. जावई म्हणजे काय चेष्टा आहे?"

"मग मला शनिवारी विमानतळावर सोडशील?"

शनिवारी सकाळी मी त्यांना आमच्या गावच्या छोट्या विमानतळावर घेऊन गेले. काकांनी सूट घातला होता, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता. लाडू माझे. आमच्या घराण्याचे म्हणून सांगा, असं मी बजावलं होतं. गाडीत ते दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. उतरले, मला हात केला आणि टाय सारखा करत आत निघाले. दाराशेजारीच फोन बूथ होता आणि त्यात साखळीला जाडजूड पुस्तक लटकत होतं. मी गाडी बंद न करता बघत राहिले. काका सरळ त्याच्यावरून पुढे गेले.