सव्वानऊला डोळे मिटणारा कॅमेरा

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात गुन्हे कमी होतात याचं कारण वेंडल कोस्टेनियक, असं वेंडल कोस्टेनियकचं मत होतं. त्याने स्वतःच छापून घेतलेल्या कार्डावर नावाखाली 'खासगी अन्वेषक, सूक्ष्म निरीक्षक, रहस्यांचा कर्दनकाळ' असं लिहिलं होतं. चौथी पदवी कार्डात मावली नाही म्हणून जग तिला मुकलं. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर गव्हातले खडे मोजल्यामुळे आपल्याला माणसातला खडाही दिसतो, असं तो भेटेल त्याला सांगे.

गार्नेट फ्रीसन त्याचा मदतनीस. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यावर बायकोने त्याला बजावलं होतं की दुपारपर्यंत घरात तोंड दाखवायचं नाही. आणि जानेवारीत यॉर्कटन गावात फुकट कॉफी मिळेल असं दुसरं काम नव्हतं.

कॉफी ओल्गाबाई ह्रिंचुक यांच्याकडे मिळे. बाई एकोणऐंशी वर्षांच्या, नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या. दूर कॅल्गरी शहरात राहणाऱ्या मुलाला, टेरीला, वाटे की आईने आता घर विकून वृद्धनिवासात जावं. बाईंना वाटे की टेरीने आपलं काम बघावं. शेवटी तडजोड झाली: दाराबाहेर कॅमेरा लावायचा, टेरी कॅल्गरीहून फोनवर बघणार, आणि सगळं ठीक दिसलं तर घराचा विषय काढणार नाही. कॅमेरा कुठला घ्यायचा हे ठरवायला बाईंनी वेंडलला सांगितलं. इतक्या हुशार बाईंच्या हातून आयुष्यात एवढी एकच चूक झाली.

"बॅटरीचाच घ्यायचा," वेंडल म्हणाला. "वायर नाही म्हणजे कापायला काही नाही. चोर हात चोळत बसेल."

"उणे तिसात बॅटरी टिकते का पण?" गार्नेटने विचारलं.

"गार्नेट, तू बस चालवायचास. विचार माझ्याकडे सोपव."

बॅटरीने तिसऱ्या दिवशी राम म्हटला. मग वेंडलने सौरपट्टी आणली आणि ती उत्तरेच्या भिंतीवर लावली, कारण चोर तिकडून येणार होता. तिकडे सूर्य कधीच येत नसे. चौथ्या दिवशी छपरावरचा बर्फ घसरून पट्टीवर बसला आणि तो आता एप्रिलपर्यंत हलणार नव्हता. शेवटी विजेवर चालणारा कॅमेरा आला. वेंडल शिडीवर चढला, गार्नेटने शिडी धरली, आणि छपराच्या कडेखाली, नाताळच्या दिव्यांच्या माळेजवळ, वेंडलने जे काय जोडायचं ते जोडलं. कॅमेरा सुरू झाला आणि वेंडलने खाली उतरून दोन कप कॉफी घेतली.

त्यानंतर भलतंच सुरू झालं. अधूनमधून सकाळी सव्वानऊला कॅमेरा बंद पडे आणि साडेदहाला आपला आपण सुरू होई. टेरीचा फोन लगेच येई.

"आई, तू वायर काढतेस आणि विसरतेस."

"मी काहीएक काढत नाही."

"तेच म्हणतोय. काढलेलं तुझ्या लक्षात राहत नाही. शनिवारी येतोय मी. निवासाचं माहितीपत्रक घेऊन येतो, नुसतं बघ."

फोन ठेवल्यावर बाईंनी कॉफीत दोनदा साखर घातली. घाबरलेल्या ओल्गाबाई गार्नेटने त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही.

वेंडलने तपास हाती घेतला. पहिला संशय खारीवर. तिच्यासाठी त्याने छपरावर शेंगदाणे ठेवले. ते कावळ्यांनी खाल्ले आणि वेंडलने कावळ्यांची नावं कळेनात म्हणून संख्या नोंदवली. दुसरा संशय शेजारच्या डोरीनवर, कारण तिच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, ओल्गाबाईंसारख्या होत नसत. तिसरा संशय मालगाडीवर.

"गाडी तर सात वाजता जाते," गार्नेट म्हणाला.

"म्हणूनच तिच्यावर कुणी संशय घेत नाही."

बाईंच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. शेतावर राहिलेल्या बायकांप्रमाणे त्या रोजचं तापमान त्यात लिहीत. गार्नेटने पाहिलं, तर कॅमेरा फक्त उणे वीसच्या खालीच बंद पडत होता. वेंडल म्हणाला, गुन्हेगार थंडीला सरावलेला आहे, म्हणजे स्थानिक आहे. यॉर्कटनमध्ये जानेवारीत परदेशी पाहुण्यांची झुंबड असावी असा त्याचा आव होता. शिवाय कॅमेऱ्यातलं शेवटचं चित्र दर वेळी एकच असे: वेंडलचा ट्रक फाटकातून आत येताना. यावरून वेंडलने काढलेलं अनुमान त्याच्या कीर्तीला साजेसं होतं.

"मी आलेला पाहून तो घाबरतो," वेंडल म्हणाला, "आणि पुरावा नष्ट करतो."

त्या थंडीतही दोघं नेमाने येत. गार्नेट उतरून ट्रकचं इंजिन गरम ठेवणारी वायर भिंतीच्या प्लगात लावी, नाहीतर तासाभरात इंजिन गारठून दगड होई. मग दोघं आत जात. कॉफी पिताना बाई समोरच बसलेल्या असत. फक्त दालचिनीचे बन आणायला दोन मिनिटं मागच्या ओसरीत जात.

"दोन मिनिटं," वेंडल गुरुवारी ट्रकमध्ये बसल्यावर म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "गार्नेट, गुन्हेगार सापडला. बाई स्वतःच. बिचारीच्या लक्षात राहत नाही."

त्याने अहवाल लिहिला आणि टेरीला फोनवर वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून गार्नेटला सही करायला लावली. गार्नेटने केली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि बायकोने विचारलं तेव्हा त्याने हवेला दोष दिला.

शनिवारी उणे सत्तावीस होतं. वेंडलचा ट्रक दुरुस्तीला गेला होता म्हणून गार्नेटच्या बायकोने दोघांना सोडलं. सकाळभर कॅमेरा ठणठणीत चालू होता.

"मुलगा येणार म्हणून सावध झाल्या," वेंडल कुजबुजला.

अकराच्या सुमाराला टेरी आला. गार्नेट सामान घ्यायला बाहेर गेला, मागोमाग वेंडलही. ओल्गाबाई पिरोगींचं भलंमोठं ताट दोन्ही हातांनी धरून दारात उभ्या राहिल्या. टेरीने उतरल्या उतरल्या गाडीची वायर भिंतीकडे ओढली. प्लगाला दोन जागा होत्या. एकीत आईची गाडी होती, दुसरीत हिरवी वायर. त्याने हिरवी उपटली, आपली खोचली, आणि त्याच्या खिशात फोन वाजला.

"बघ," टेरी म्हणाला. "कॅमेरा पुन्हा बंद. आई, आता कशाला हात लावलास?"

"माझे दोन्ही हात या ताटाला आहेत. तुझ्या हातात काय आहे?"

टेरीने खाली पाहिलं. "ही नाताळच्या दिव्यांची वायर आहे. दिवसाढवळ्या दिवे कशाला लावायचे म्हणून..."

"परत लाव."

त्याने लावली. थोड्या वेळाने फोन वाजला: कॅमेरा सुरू.

"आता काढ."

फोन पुन्हा वाजला. टेरीने पुन्हा लावायला सांगण्याची वाट पाहिली नाही.

"वेंडल," बाई म्हणाल्या, "तो कॅमेरा तू वर कुठे जोडला होतास?"

"वर एक वायर आयतीच मिळाली," वेंडल म्हणाला. "हिरवी होती."

गार्नेटच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. चाळीस वर्षं तो हिवाळ्यात जिथे जाईल तिथे हेच करत आला होता: दिवसा दिव्यांची वायर काढायची, गाडीची लावायची, निघताना होती तशी परत खोचायची. त्याच्या हाताने त्याला कधी विचारलंच नव्हतं.

"टेरी, ती दर वेळी मीच काढत होतो," तो म्हणाला. "आणि अहवालावर सहीही मीच केली. ओल्गाबाई, मला लाज वाटते."

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "चांगली असते ती." मग त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तीन पुरुष. आपल्या हाताने काय काढलं ते एकाच्याही लक्षात नाही. आणि एकटीने राहायला जमत नाही ते मला."

वेंडलने वहीत 'प्रकरण माझ्या मार्गदर्शनाखाली निकाली' असं लिहायला घेतलं, पण थंडीने पेनातली शाई गोठली होती.

टेरीच्या कोटातून माहितीपत्रकाचं टोक बाहेर आलं होतं. त्याने ते आत ढकललं आणि खिशाची चेन लावली.

"चुकलो, आई."

"बूट काढ आणि जेवायला बस," ओल्गाबाई म्हणाल्या. ताट घेऊन त्या दारातून बाजूला झाल्या. "जेवून झाल्यावर भिंतीला आणखी एक प्लग बसवून घे. त्याला चांगला वायरमन बोलाव. वेंडलला शिडीजवळ फिरकू देऊ नकोस."