कुंपणापलीकडचा थेंब

पैज लागली ती शिंपीकाकांच्या हिरवळीच्या काठावर, सगळ्या गल्लीसमोर!

काकांनी अंगणात नुकतेच सहा फवारे बसवले होते. टेपने मोजून, खडूने आखून, वर टायमर लावून. "बाही कशी मनगटाशी थांबते, तसं माझं पाणी कुंपणाशी थांबतं!" काका गरजले. "वर्षभरात एक थेंब जरी रस्त्यावर गेला, तर लग्नातला कोट घालून याच फवाऱ्याखाली बसेन!"

"आणि नाही गेला, तर माझ्या लग्नातला कोट घालून मी बसेन!" शेजारचा वायरमन म्हणाला. दोन्ही कोट काकांनीच शिवलेले.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमच्या हातचा पहिला कोट तो! जिवापाड जपलाय इतकी वर्षं!"

"भिजतोय कशाला!"

उन्हाळाभर फवाऱ्याच्या तोंडात माती अडकायची आणि काका सुई घेऊन गवतात पालथे पडायचे. वायरमन कुंपणावरून मान काढून विचारायचा, "काका, काज करताय की बटण लावताय?"

पावसाळ्यात काकांनी टायमर बंद ठेवला. तरी हा पठ्ठ्या छत्री घेऊन फाटकाबाहेर उभा! "काका, थेंब! हा बघा, थेंब!"

"ढगाचा आहे तो! ढगाशी भांड!"

थंडीत पाणी आठवड्यातून एकदाच. काकांनी झडपेच्या खड्ड्याचं झाकण उघडलं, तर आत बेडकांचं अख्खं कुटुंब! त्यांची समजूत घालण्यात काका गुंतलेले बघून वायरमनने झुडपाआडचा सहावा फवारा गुपचूप रस्त्याकडे वळवला आणि घरी जाऊन हात चोळत बसला.

पण मेंदीचं कुंपण छातीएवढं उंच आणि गादीसारखं दाट! आलेलं पाणी ते गटागटा पिऊन टाकायचं. थेंब काही बाहेर पडेना. वायरमन रडकुंडीला आला, कुंपण मात्र माजलं.

"कोपऱ्यातलं गवत पिवळं पडलंय हो," काकू म्हणाल्या.

"थंडी बाधली असेल. पण कुंपण बघ! हाताला गुण असावा लागतो!"

बघता बघता पैजेच्या वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाचं पाणी सुटलं की काका जिंकले! दुपारी काकू सहज म्हणाल्या, "सगळी गल्ली जमणार. कुंपणाची जरा हजामत करा."

काकांनी मोठी कात्री काढली. डावीकडे दोन बोटं कापलं. मग उजवी बाजू वर वाटली. ती कापली. आता डावी वर! शिंप्याचा डोळा तो, सुताएवढा फरक खपेल कसा? काकू चहा घेऊन आल्या तेव्हा कुंपण गुडघ्याला आलं होतं.

"अहो! पार चड्डी केलीत की त्याची!"

"पण दोन्ही पाय सारखे आहेत ना?"

सहाला पाच मिनिटं असताना वायरमन कोट घालून, भांग पाडून, खाली मान घालून फाटकाशी आला. मागे गल्ली.

"हरलो काका. उघडा फाटक, भिजतो एकदाचा."

काकांची छाती वीतभर फुगली. "थांब तिथेच! सहा वाजू देत. घाई कसली?"

वाजले सहा. टक्! पाच फवारे शहाण्यासारखे गवतावर नाचू लागले. सहावा चड्डीवाल्या कुंपणावरून थेट वायरमनच्या छातीवर! फच्च!

"अरे कोट! कोट!" काका किंचाळले. "अस्तर आटेल त्याचं!"

"काका," वायरमन नाक पुसत म्हणाला, "मी उभा कुठे आहे?"

काकांनी पाहिलं. फाटकाबाहेर. त्यांनीच थांबवलेल्या जागी.

मुकाट्याने काका आत गेले आणि कोट घालून आले. जन्मभर गिऱ्हाइकांचे कोट सैल करून दिले, स्वतःचा तेवढा राहिला होता! फवाऱ्याखाली मांडलेल्या खुर्चीत टेकताच मधलं बटण सुटून गवतात गेलं. गल्लीने टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात वायरमन दुसरी खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. "भिजलोच आहे तर... काका, तो फवारा थंडीत मीच वळवला होता."

"गाढवा! आणि कुंपण मी कापलं," काका म्हणाले. डोक्यावरून पाणी ओघळत होतं. दोघं एकमेकांकडे बघून खो खो हसत सुटले.

काकू मात्र कमरेवर हात ठेवून हिरवळ न्याहाळत होत्या. "बसलाच आहात, तर खुर्च्या जरा डावीकडे घ्या. तुमच्यामागचं गवत कोरडं राहतंय!"