गेटवर राहिलेली म्हातारी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले पदूकाका म्हात्रे कादंबरी वाचताना शेजारी वही ठेवायचे. पुस्तकात माणूस आला की वहीत रेघ. मेला की लाल फुली. पळून गेला की बाण. पुस्तक संपलं की जुळवाजुळव. सगळी माणसं जुळली तर पुस्तक चांगलं, नाही जुळली तर लेखक कामचुकार. समीक्षेची एवढी खणखणीत पद्धत एम.ए.ला असताना कुणी शिकवली असती, तर माझी दोन वर्षं वाचली असती.

काका उरणकडच्या बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून किती पेट्या उतरल्या आणि किती गेटबाहेर गेल्या, हे लिहिण्यात त्यांची हयात गेली. इंग्रजी तिथल्याच कागदांवर शिकलेले. निवृत्त झाल्यावर ते करंजाड्याला राहायला आले आणि पनवेलच्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडून इंग्रजी पुस्तकांचा एक गठ्ठा उचलून आणला. दोन हजार तेराची गोष्ट. तेव्हा कॉलेजची पोरं सगळी एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचायची. जगाची राखरांगोळी झालेली, उरल्यासुरल्या शहराभोवती भिंत, आत जुलमी सरकार आणि ते उलथवायला निघालेली सोळा वर्षांची मुलगी. पोरांची वाचून झाली की ती रद्दीत जायची, आणि रद्दीतून काकांकडे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. असल्या पुस्तकांविषयी माझं मत ठाम होतं, कारण मी एकही वाचलेलं नव्हतं.

एका रविवारी काकांनी बेल वाजवली. हातात पुस्तक, बोट पानात.

"मास्तर, 'क्वारंटाइन' मला म्हाईत हाय, जहाजांना लागायचं. पन ह्यो 'क्रश' म्हंजे काय? ह्या पोरीला तो दर चार पानांनी होतोय."

अर्थ सांगण्यासाठी मी ते पान वाचलं. मग संदर्भ लागावा म्हणून मागचं. मग पुढची चाळीस. काका सोफ्यावर शांत बसून होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पन वहीसकट घ्या, नायतर मानसं हरवतील."

त्यानंतर मी ही पुस्तकं एका जाडजूड समीक्षाग्रंथाच्या वेष्टनात घालून वाचू लागलो. बायकोनं आठवड्यातच पकडलं. "समीक्षा वाचताना तुम्ही कधी रडत नाही," ती म्हणाली.

रविवारी सकाळी काकांच्या गॅलरीत आमची चर्चा चाले. काका पुस्तकातली माणसं शेजारीपाजारी राहत असल्यासारखे बोलत. "सोळा वर्षांची पोरगी सरकार पाडते, आन आपल्या सोसायटीत टाकी धुवायला मानूस मिलत नाय." प्रेमाच्या त्रिकोणावर त्यांचा राग. "हिला भिंत तोडायचीय, आन ही दोन पोरं इचारतात, माझ्यावर प्रेम हाय का त्याच्यावर? अरे, आधी भोक तर पाडा!" मी अधूनमधून 'सत्ताकारणाचं रूपक' असं काहीतरी म्हणायचो. काका आदरानं ऐकून घ्यायचे आणि पोहे पुढे सरकवायचे.

मग आमच्या हाती टॅलिन नावाच्या मुलीची तीन भागांची कादंबरी आली. काका तिला तलीन म्हणायचे. तिच्यासाठी ते दोनदा जेवायचे राहिले. तिसरा भाग संपला त्या दिवशी ते वही घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"मास्तर, एक मानूस शॉर्ट हाय."

पहिल्या भागात टॅलिन शहर सोडते, तेव्हा तिची म्हातारी आत्या गाठोडं घेऊन गेटपर्यंत येते. 'इथंच थांब, मी न्यायला येते,' असं सांगून टॅलिन निघून जाते. पुढे ती सरकार पाडते, भिंत पाडते, दोघांतल्या एका पोराशी लग्नही करते. आत्याचं नाव पुन्हा येत नाही.

"बाईंना कलवा," काका म्हणाले. लेखिकेचा ई-मेल पत्ता शेवटच्या पानावर होता. काकांनी सांगितलं, मी इंग्रजीत मजकूर केला. पाठवतो म्हणालो, आणि पाठवला नाही. मेल माझ्या नावानं जाणार होती. पोरासोरांच्या कादंबरीतल्या म्हातारीची चौकशी इंग्रजीच्या प्राध्यापकानं करायची? बंडखोर नायिकेवर फिदा झालेला हा वाचक एक बटण दाबायला घाबरला.

"आलं का उत्तर?" काका लिफ्टपाशी विचारायचे. "मोठी माणसं, काका, वेळ लागतो," मी सांगायचो. महिना गेला. एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "बाई आजारी तर नाय ना? तुमी नीट चवकशी करा."

मला ते सोसलं नाही. तिथंच, लिफ्टचं दार अडवून, मी खरं सांगितलं.

काका वळले. घरात गेले. मीही मागोमाग गेलो. खुर्चीत बसत ते म्हणाले, "माझी आक्का उरनजवल करंजाला दिलेली. नवरा गेला, मूलबाल नाय. मी तिला बोललो, नोकरीला लागलोय, खोली मिलाली की न्यायला येतो. खोली मिलाली. मंग जहाजं लागली, ओव्हरटाइम लागला. आज जातो, उद्या जातो. तीन म्हैन्यांनी गेलो, तवर ती तापानं गेलेली. शेजारीन बोलली, रोज सकाली पिशवी भरून दारात बसायची."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पेट्या मोजल्या सगल्या. एक नाय चुकली."

मी घरी जाऊन लॅपटॉप आणला आणि त्यांच्यासमोर मेल पाठवली. खाली आधी काकांचं नाव, मग माझं, हुद्द्यासकट.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं. मी काकांना वाचून दाखवलं. लेखिकेनं लिहिलं होतं, तुमचं बरोबर आहे, मी तिला विसरले. हजारो मुलांची पत्रं आली, पण तिच्याबद्दल कुणीच विचारलं नव्हतं. तुम्हीच सांगा, तिचं पुढे काय झालं असेल?

काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोर नव्या इमारतीचं काम चालू होतं, तिकडे बघत राहिले. मी टाइप करायला बोटं ठेवून बसलो होतो.

"लिवा," ते म्हणाले. "तलीन परत आली. उशीर झाला, पन आली."

मी लिहिलं. "आणि आत्या?"

"होती ना," काका म्हणाले. "तितंच होती."