शिशाची कमतरता

तलावाकाठच्या पक्षी-रुग्णालयात त्या सोमवारी एक बदक दाखल झालं. त्याच्या रक्तात शिसं जवळजवळ नव्हतंच. प्रकरण गंभीर होतं.

बदक दूरदेशाहून थंडीपुरतं आलेलं. पायात मासेमारीचं जाळं अडकलं म्हणून कोणीतरी त्याला टोपलीत घालून आणलं. रक्त तपासणाऱ्या बाई नुकत्याच पदवी घेऊन नोकरीला लागल्या होत्या आणि यंत्रातला आकडा दोनदा पाहिल्याशिवाय कागदावर उतरवत नसत. त्यांनी जाळं कापलं, पंखाखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं. आकडा आला चार. पुन्हा घेतलं, पुन्हा चार. या तलावावरच्या बदकांचा आकडा साठीच्या आसपास असायचा.

बाईंना आनंद झाला. इथेच त्या चुकल्या.

"चार?" रुग्णालयाच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि सामान्य किती?"

"साठ, साहेब. पण ते साठ म्हणजे..."

"म्हणजे छप्पन्नने कमी. बाई, हे बदक आजवर जगलं कसं? ताबडतोब पिंजऱ्यात घ्या."

साहेबांचं चुकत नव्हतं. पूर्वी रुग्णालयात वीसची मर्यादा होती. त्यावर गेलं की पक्ष्याला शिशाची बाधा. पुढे तलावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या लागल्या. राख पाण्यात उतरली, पाण्यातून चिखलात बसली, आणि बदक तर चिखल चाळूनच पोट भरतं. एका हंगामात अख्खा तलाव आजारी निघाला. रुग्ण चारशे, पिंजरे बारा. पिंजरे वाढवणं शक्य नव्हतं. भट्ट्या पक्ष्यांच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे रुग्णालयाच्या अखत्यारीत येत नव्हत्या. तेव्हा आजार कमी करण्यात आला. स्थानिक सरासरीच्या जवळपास असेल तो पक्षी निरोगी, असा नियम झाला आणि एका सहीसरशी तीनशे ब्याण्णव बदकं बरी झाली. उरलेली आठ तोवर मेली होती. सरासरी बिघडू नये म्हणून ती वगळली.

निरोगी बदक ओळखायच्या खुणा भिंतीवर चिकटवलेल्या होत्या. पंख खाली सोडलेले. मान किंचित थरथरती. विष्ठा हिरवीगार. उडण्याची खोड नाही. काठावर येणाऱ्या लोकांना हे पक्षी फार आवडत. जवळ जावं, पाठीवरून हात फिरवावा, फोटो काढावा. बदक जागचं हलत नसे.

नवं बदक मात्र पिंजऱ्याला धडका देत होतं. पिंजरेवाले काका दाणे घालायला गेले तर त्यांच्या बोटाला कडकडून चावलं.

"अहो बाई, हे बदक आहे की मांजर?" काका बोट झटकत म्हणाले. "तीस वर्षांत एकानं मला चोच लावली नाही."

"काका, बदकं अशीच असतात."

"मग आपल्याकडची?"

बाईंनी पिंजऱ्यावरचा केसपेपर उलटला. केसपेपरवर साहेबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'अतिउत्साह. उडण्याचे झटके. उपचार : गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, आकडा साठ होईपर्यंत. सामान्य झाल्याशिवाय सोडू नये.'

दाणे दळायला बदकं बारीक खडे गिळतात. शिशाची गोळीही त्या पोटातल्या जात्यात खड्यांबरोबर झिजणार आणि रक्तात उतरणार, हे बाईंना तोंडपाठ होतं. साठ व्हायला फार दिवस लागणार नव्हते. त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, शिसं कमी असणं हा आजार नाही. शरीराला त्याचा काडीचा उपयोग नसतो."

"पुरावा?"

"मी आहे ना! मला काय झालंय? माझंच रक्त तपासा. त्यात शिसं निघायचं नाही आणि मी तुमच्यासमोर धडधाकट उभी आहे."

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. हेडक्लार्क वही घेऊन आला, काका दारात उभे राहिले. बाईंनी बोटाला सुई टोचली. यंत्र घरघरलं.

अठ्ठावन्न.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा अठ्ठावन्न.

"अभिनंदन!" साहेब खुर्चीतून उठलेच. "धडधाकट माणसात अठ्ठावन्न! बाई, तुम्ही म्हणालात तसाच पुरावा दिलात. लिहून घ्या हो."

हेडक्लार्कने लिहून घेतलं. बाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. वर्षभर तो मनगटातून लोंबायचा, काचेच्या नळ्या सुटून फुटायच्या. आई म्हणायची, "वेंधळी नाहीस गं, माझाही हात असाच. आपल्या घराण्याचा हात आहे." घरात पाणी तलावाचंच यायचं.

पहिली गोळी संध्याकाळी पाचला द्यायची होती. पावणेपाचला बाई पिंजऱ्याशी गेल्या. कडी घट्ट होती. त्यांनी जोर लावला, पण मनगट वळेना.

"सरका," मागून काका म्हणाले. त्यांनी हात घातला. तोही थरथरत होता. "तुमचं किती आलं म्हणालात?"

"अठ्ठावन्न."

"मग माझं तर शंभरी गाठेल. दोघं मिळून ओढू. एक, दोन..."

कडी निघाली. बदकाने दोघांपैकी कोणाचेही आभार न मानता पंख उघडले आणि ते छपरावरून, तलावावरून, भट्ट्यांच्या धुरावरून पार निघून गेलं. काठावरची माणसं माना वर करून बघत राहिली. अर्ध्या तासात सात तक्रारी आल्या : आजारी पक्षी असा मोकाट सोडलाच कसा? आमच्याबरोबर लहान मुलं होती!

बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. 'आपले आकडे सामान्य असताना आपल्या हातून असे कृत्य का घडले?' खुलासा त्यांनी डाव्या हाताने लिहिला. तो समाधानकारक नसल्याने त्यांना आणि काकांना शिक्षा म्हणून त्याच पदांवर कायम ठेवण्यात आलं.

आठवडाभराने नागरिकांसाठी परिपत्रक निघालं. ते तुमच्याही दारात आलं असेल. नसल्यास मजकूर असा : 'आपल्या रक्ताचा अहवाल सामान्य आहे. तपासणीसाठी येण्याची आवश्यकता नाही. सरासरी आपल्यावरूनच काढलेली आहे. तथापि, आपल्या घरात किंवा शेजारी कोणी उडण्याच्या प्रयत्नात आढळल्यास तत्काळ कळवावे.'

पहिल्याच दिवशी अकरा जणांनी शेजाऱ्यांची नावं कळवली.