तिसऱ्या अंकाचा आवाज

ठाणे जिल्ह्यात गुप्तहेर पुष्कळ असतील, पण नुसत्या चपलांच्या झिजेवरून माणसाचा स्वभाव, व्यवसाय आणि सासुरवाडी ओळखणारा मीच एक: संदेश भोईर, मुक्काम कोलशेत. सासुरवाडी अजून एकदाही बरोबर आलेली नाही, पण पद्धत शास्त्रीय आहे.

गेल्या महिन्यात मृणाल नावाची दिग्दर्शिका माझ्याकडे आली. 'संगीत प्रणयपराभव' या जुन्या नाटकावर तिनं प्रयोगशील चित्रपट केलेला. सगळं नाटक वागळे इस्टेटमधल्या बंद वर्कशॉपात, एकट्या नायिकेवर. नायिका शांताबाई, वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी त्यांनी हीच भूमिका गावोगाव गाजवली, पण त्यांचा आवाज कुणी कधी टिपून ठेवला नव्हता. आणि आता नेमका तिसऱ्या अंकाचा आवाज गायब होता. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. रविवारी डोंबिवलीत पहिला खेळ होता.

माझा पहिला संशय प्रशांतवर. नायकाची भूमिका त्याच्याकडून काढून मृणालनं एका गंजक्या कॉम्प्रेसरला दिली होती. मी दोन दिवस त्याचा पाठलाग केला. शेवटी त्यानंच मला थांबवून चहा पाजला आणि कॉम्प्रेसरचं काम फार संयत झालंय म्हणाला. मग मी जुन्या नाट्यरसिकांच्या मंडळात चौकशीला गेलो. त्यांनी मला सभासद करून घेतलं. उरली मृणाल. आवाज तूच प्रयोग म्हणून गाळला असशील आणि विसरली असशील, असं मी तिला समजावलं. ती रडायला लागली, तेव्हा हा सिद्धांत मी तूर्त मागे घेतला.

रविवारी माझी बायको ऐश्वर्या सोबत आली. ती ऑनलाइन शिकवण्या घेते. तिनं शांताबाईंना एवढंच विचारलं, "आजी, शूटिंगच्या वेळी तिसऱ्या अंकाआधी बाथरूमला गेला होतात?"

"गेले होते की. तो कॉलरचा माईक बंद करूनच गेले. लाज असते माणसाला."

"आणि आल्यावर चालू केलात?"

"ते मला कुणी सांगितलंच नाही."

मृणाल खेळ रद्द करायला निघाली. शांताबाईंनी तिला बसवलं, पदर खोचला आणि तिसरा अंक लागताच त्या पडद्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. अठरा मिनिटं माईकशिवाय बोलल्या, गायल्या. एकदा पडद्यावरच्या शांताबाई मागे पडल्या, तर ह्यांनी थांबून त्यांच्याकडे असं पाहिलं की पडद्यावरच्यांनी लगबग केल्याचा भास झाला. शेवटच्या रांगेत प्रशांत डोळे पुसत होता. रुमाल माझा होता.

केवढा धाडसी प्रयोग, असं समीक्षक म्हणाले. तीन वर्षं डोक्यात होता, असं मृणाल म्हणाली. तिनं तो आवाज फोनवर टिपला होता. चित्रपटात घालू का, असं तिनं विचारलं, तर शांताबाईंनी साफ नकार दिला.

"म्हणजे मला परत घरी बसवशील. पुढचा खेळ कधी?"

पुढचा कल्याणला आहे. त्यांनी नऊवारी इस्त्रीला टाकली आहे.