मागच्या रांगेचे घरत काका

पेपरात कुठल्या जागतिक परिषदेचा ग्रुप फोटो आला की आमचे शेजारी घरत काका फूटपट्टी घेऊन बसतात. मधल्या पुढाऱ्यापासून आपला माणूस किती लांब उभा आहे, ते मोजतात. "भाषनं कोन ऐकतंय? फोटो बघायचा! दुनियेची खरी गोष्ट रांगेत हाय."

काका न्हावा शेव्याच्या बंदरात आयुष्यभर कंटेनर तपासत होते. ब्राझील, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका, सगळे देश त्यांना डब्यांवरून पाठ. "माल आमी बनवायचा, आन दुनियेच्या बँकेत मतं त्यांची जास्ती? तिथला सायेब कोन, तेबी तेच ठरवनार? नाय चालनार! मागच्या रांगेनं पुढं आलं पायजे!" या मागच्या देशांनी मिळून स्वतःची बँक काढली, तेव्हा काकांनी अख्ख्या सोसायटीला जिलेबी वाटली. कशाची ते आमच्या सुकापुरात कोणालाच कळलं नाही, पण जिलेबी सगळ्यांनी खाल्ली.

इथवर ठीक हो! पण काका लग्नातही हेच करतात. सोफ्यावरच्या बड्या मंडळींना उठवतात आणि मागच्या मावश्या-आत्यांना पुढे आणून बसवतात. पनवेलचे निम्मे फोटोवाले त्यांना बघूनच घामाघूम होतात.

म्हणून मुलीचा साखरपुडा घरी ठरला तेव्हा बायको म्हणाली, "काकांना बोलवा, पण फोटो झाल्यावर." काका तासभर आधीच हजर! फोटोवाला बटण दाबणार, तोच गरजले, "थांब रं!" आमचे व्याही कळंबोलीच्या लोखंड बाजारातले बडे प्रस्थ, अगदी मधोमध बसलेले. "शेठ, लय वर्सं बसलाव, आता जरा मागं व्हा," म्हणत काकांनी त्यांना उठवलं, आणि स्वयंपाकघरात भजी तळणाऱ्या माझ्या बायकोला आणून तिथे बसवलं. व्याही मागे टाचा उंचावून उभे! ठरलेलं लग्न मोडतंय की काय, अशी मला धास्ती!

पाहुणे गेल्या गेल्या मी तावातावाने काकांच्या घरात शिरलो. पहिल्यांदाच. समोर भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो. धुरकट, आणि अर्धा गाल कोणाच्या तरी फेट्याआड.

"असा कसा फोटो, काका?"

"येवढाच हाय तिचा. कुनाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत व्हती, त्यातनं मोठा करून घेतला." काका फोटोकडे बघत राहिले. "मी पुढंच बसलेलो, खुर्चीत. मागं वळून 'ये पुढं' म्हनायचं सुचलंच नाय बघ."

मला फार वाईट वाटलं. भांडायला आलोय हेही विसरलो.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. म्हटलं, संपलं! तर त्या खुसुखुसू हसत होत्या. "लग्नात तुमच्या त्या काकांना फोटोच्या आधी बोलवा हं. मलाही मधे बसायचंय."

फोटो आलाय. बायको मधोमध बसली आहे, हाताला बेसन. इतक्या वर्षांत तिचा असा फोटो मीही कधी काढला नव्हता. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा काकांना सांगितलं, येताना काकूंचा फोटो घेऊन या. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवतोय.